गाणं कोणाचं, हे विचारल्याशिवाय सूर देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संगीत शिक्षिकेकडे पाचवी ते नववीच्या चाळीस मुलांचा कॉयर, म्हणजे समूहगानाचा गट, आहे. वर्षअखेरीच्या कार्यक्रमासाठी त्यांनी बारा देशांची बारा गाणी निवडली आहेत. समता आणि न्याय हे विषय गाण्यांतून मुलांपर्यंत पोचावेत अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. पण धास्तीही आहे. उच्चार चुकतील, कोणाच्या भावना दुखावतील, पालक धार्मिक शब्दांना हरकत घेतील आणि शेवटी सगळ्याची वेशभूषा स्पर्धा होऊन बसेल, असं त्यांना वाटतं. 'कुठून सुरुवात करू?' असं त्यांनी विचारलं आहे.

बारापैकी नऊ गाणी बाजूला काढण्यापासून सुरुवात करा. तीनच ठेवा. बारा गाणी घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-अडीच तासांची तालीम येईल. तेवढ्यात चाल बसेल, शब्द कसेबसे पाठ होतील, पण ते गाणं कोणी आणि कशासाठी गायलं हे सांगायला वेळच उरणार नाही. मग प्रेक्षकांसमोर जातात ते नुसते नमुने. एखाद्या समाजाला नमुना म्हणून मांडायचं आणि त्याच मंचावरून समतेचं बोलायचं, हे जुळत नाही. मुलांना ते शब्दांत सांगता येत नसलं तरी कळतं.

मी बावीस वर्षं मुलांचे आणि मोठ्यांचे कॉयर शिकवते आहे. शब्दांत स्वातंत्र्य आणि एकी असली की पुढचं काम गाणं आपोआप करतं, असा सुरुवातीला माझाही समज होता. तसं होत नाही. मुलं न्याय शिकतात ते तालमीच्या खोलीत. कोणाचं ऐकलं जातं, कोणाचं नाव घेतलं जातं, चूक दाखवण्याचा अधिकार कोणाला आहे आणि कोणाला 'तू नुसते ओठ हलव' असं सांगितलं जातं, हे सगळं ती बारकाईने पाहत असतात. म्हणून गाण्यांची यादी हा या कामातला सोपा भाग आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगते, कारण तुमच्या यादीत तेच गाणं आहे. 'सियाहाम्बा' हे झुलू भाषेतलं गाणं आज जगभरातल्या शाळांत गायलं जातं. दक्षिण आफ्रिकेबाहेर ते मुख्यतः १९८४ साली छापलेल्या एका संग्रहातून पसरलं. स्वीडनचे संगीतकार अँडर्स न्यूबेर्ग यांनी तो तयार केला होता. मी ते बसवलं तेव्हा 'आफ्रिकन' वाटावं म्हणून तीन जेंबे ढोल मागवले, लय वाढवली, मुलांना हात वर करून नाचायला लावलं. टाळ्या खूप मिळाल्या. कार्यक्रमानंतर दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या एक पाहुण्या बाई भेटायला आल्या. मुलांचं कौतुक केलं आणि विचारलं, "हे ढोल कोणाचे?" मी म्हटलं, "आफ्रिकेचे." त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचे नाहीत."

जेंबे हे पश्चिम आफ्रिकेतलं, माली आणि गिनी या भागातल्या मांदिंका लोकांच्या परंपरेतलं वाद्य. झुलू लोकांच्या प्रदेशापासून ते हजारो किलोमीटर दूर आहे. पन्नासहून अधिक देशांचं खंड मी एका ढोलात कोंबलं होतं.

त्या बाई दुसऱ्या दिवशी तालमीला आल्या. ढोल कोपऱ्यात ठेवायला सांगितले. मुलांना चपला-बूट काढायला लावले आणि पहिली दहा मिनिटं गाणंच घेतलं नाही. नुसतं वजन डाव्या पायावर, मग उजव्या पायावर. शरीर सैल, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल जमिनीवर पूर्ण टेकलेलं. 'सियाहाम्बा' म्हणजे 'आम्ही चालतो आहोत', हे त्यांनी तेव्हा सांगितलं. त्या चालीवर एकटीने पहिली ओळ म्हटली आणि मुलांनी उचलली. माझ्याकडे ज्या लयीत बसवलं होतं त्याहून ती बरीच संथ होती. ओरडणं गेलं, आवाज खाली उतरले, पोटातून आले. चालणं हाच ताल होता, त्यावर आणखी काही वाजवायची गरजच नव्हती. मी कोपऱ्यात उभी राहून पाहत होते. त्या वीस मिनिटांत मुलं जे शिकली ते मी महिनाभरात शिकवलं नव्हतं. आणि त्यांची बाई कोणाकडून तरी शिकते आहे, हेही त्यांनी पाहिलं.

तीन गाणी कोणती ठेवायची ते तुम्हीच ठरवा. मी असते तर एक अमेरिकेतलं स्पिरिच्युअल घेतलं असतं, एक दक्षिण आफ्रिकेतलं आणि तिसरं तुमच्याच चाळीस मुलांपैकी कोणाच्या तरी घरातलं. का, ते सांगते.

स्पिरिच्युअल म्हणजे अमेरिकेतल्या गुलामगिरीत जन्मलेली गाणी. ती मंचावर कशी आली याची हकीकत मी मुलांना एकही सूर देण्याआधी सांगते. नॅशव्हिलमध्ये मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी १८६६ साली फिस्क ही संस्था सुरू झाली. पाच वर्षांत ती पैशाअभावी बंद पडायला आली. तिथले खजिनदार जॉर्ज व्हाइट हे संगीतही शिकवत. ६ ऑक्टोबर १८७१ ला ते नऊ विद्यार्थ्यांना घेऊन निधी गोळा करायला निघाले. या मुलामुलींपैकी बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले. सुरुवातीला ती युरोपीय धाटणीची गाणी म्हणत. आपल्या आईबापांची गाणी ती आपसांत, हळू आवाजात म्हणत, पण परक्यांसमोर म्हणायला तयार नव्हती. ती गाणी त्यांना पवित्र होती आणि त्यांत गुलामगिरीची आठवण होती. त्यातच तेव्हा गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टवाळी करणारे मिन्स्ट्रेल खेळ करत फिरत होते. काळ्या माणसाने मंचावर यायचं म्हणजे हसं करून घ्यायला, अशीच लोकांना सवय. अशा मंचावर ती मुलं ताठ उभी राहून आपल्या घरची गाणी गायली. दौरा अमेरिकेतून इंग्लंडपर्यंत गेला आणि त्या पैशांतून फिस्कमध्ये ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. ते फिस्क ज्युबिली सिंगर्स म्हणून ओळखले जातात.

इथे थांबून मी एकच प्रश्न विचारते. "ती मुलं ही गाणी आधी का म्हणत नव्हती?" उत्तराची घाई करत नाही. एकदा सातवीतला एक मुलगा बऱ्याच वेळाने म्हणाला, "माझी आजी रडताना जे गाणं म्हणते ते मी पण वर्गात नाही म्हणणार." त्यानंतर त्या गाण्याबद्दल मला फारसं काही समजावून सांगावं लागलं नाही.

गाण्यातही याचा परिणाम दिसला पाहिजे. स्पिरिच्युअल म्हणताना मुलांना हसरे चेहरे ठेवायला सांगू नका. चुटक्या वाजवत डोलायला लावू नका. गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ सालीच लिहून ठेवलं आहे की गुलाम गातात म्हणजे ते सुखी असतात असं समजणारे लोक पाहून ते थक्क झाले, कारण गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत जास्त दुःखात असताना. हे मुलांना वाचून दाखवा. छापील प्रतीत बोलीतले उच्चार असतात. ते हलक्या हाताने घ्या, त्यांची नक्कल करू नका. नक्कल सुरू झाली की आपण नकळत त्या काळं फासलेल्या नटांच्या बाजूला जाऊन उभे राहतो. आणखी एक मोह टाळा. प्रत्येक ओळीत पळून जायचा गुप्त नकाशा दडला होता, असं रंगवून सांगितलं जातं. काही गाण्यांना दुहेरी अर्थ होता हे खरं. बायबलमधल्या जॉर्डन नदीपलीकडचा किनारा म्हणजे स्वर्गही आणि गुलामगिरी नसलेली भूमीही. पण सगळ्याच नकाशांच्या कथांना पुरावा नाही. जे खरं आहे ते पुरेसं मोठं आहे, त्यावर कल्हई कशाला चढवायची?

'आमच्या घरात कोणी तसं गुलाम नव्हतं, मग आम्ही हे का गायचं?' असा प्रश्न मुलं विचारतात. तो चांगला प्रश्न आहे, तो दाबू नका. मी सांगते की या परंपरेतले अनेक कृष्णवर्णीय संचालक म्हणतात, गा, पण समजून गा. मग मुलांनाच विचारते, समजून म्हणजे काय काय समजून? फळ्यावर यादी होते. ती यादी तालमीच्या खोलीत शेवटपर्यंत राहू द्या.

दुसरं गाणं म्हणून मी 'न्कोसी सिकेलेल' घेते. एनोक सोन्टोंगा हे जोहान्सबर्गजवळच्या एका मिशन शाळेतले शिक्षक. त्यांनी १८९७ साली ते आपल्या शाळेतल्या मुलांच्या कॉयरसाठी रचलं. म्हणजे तुमच्यासारख्याच एका शिक्षकाने, तुमच्यासारख्याच मुलांसाठी. १९१२ मध्ये पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झालेल्या संघटनेच्या स्थापनेच्या सभेत ते गायलं गेलं. १९२५ पासून ते तिचं अधिकृत गीत झालं आणि वर्णभेदाच्या सगळ्या काळात लोकांनी ते अंत्ययात्रांत आणि मोर्चांत म्हटलं. १९९४ मध्ये वर्णभेदी राजवट संपली तेव्हा देशाला दोन राष्ट्रगीतं होती, हे आणि जुन्या राजवटीचं. १९९७ मध्ये दोन्हींमधले भाग जोडून एक राष्ट्रगीत केलं गेलं. त्यात खोसा, झुलू, सेसोथो, आफ्रिकान्स आणि इंग्रजी अशा पाच भाषा आहेत. ज्यांनी अत्याचार केले त्यांच्या गीतातल्या ओळी ज्यांनी सोसलं त्यांच्या गीताला जोडायच्या, हे बरोबर झालं का? दक्षिण आफ्रिकेतही यावर सगळ्यांचं एकमत नाही. नववीच्या मुलांना हा वाद जसाच्या तसा सांगा. निकाल देऊ नका.

या गाण्याचा संगीताच्या दृष्टीनेही मोठा उपयोग आहे. त्याची हार्मनी, म्हणजे एकाच वेळी गायलेल्या वेगवेगळ्या सुरांचा मेळ, युरोपीय मिशनऱ्यांच्या भजनांच्या वळणाची आहे आणि ते टॉनिक सोल्फा या पद्धतीने लिहिलं गेलं. टॉनिक सोल्फा म्हणजे डो-रे-मी या अक्षरांनी सूर लिहिण्याची पद्धत, इंग्लंडमधल्या जॉन कर्वेन यांनी रुजवलेली. म्हणजे राज्यकर्त्यांच्या धर्मासोबत आलेलं साधन लोकांनी घेतलं आणि आपल्या मुक्तीसाठी वापरलं. 'अस्सल', 'शुद्ध' संगीताच्या शोधात निघालेल्या शिक्षकांनी यावर जरूर विचार करावा. संस्कृती बाटलीत भरून ठेवलेली नसते.

उच्चारांची तुम्हाला भीती वाटते. इथे आपल्या मुलांना चक्क फायदा आहे. खोसा आणि झुलू भाषांत रोमन लिपीत पी-एच, टी-एच, के-एच लिहिलेलं असतं ते महाप्राण व्यंजन असतं. इंग्रजीची सवय असलेली मुलं तिथे हमखास अडखळतात. आपली मुलं या गाण्यातला 'थीना' हा शब्द 'थ'ने सहज म्हणतात. 'उफोंडो'मधला 'फ' मात्र ओठ पूर्ण मिटून म्हणायचा, 'फळ'मधला जुन्या माणसांच्या तोंडचा 'फ', 'फॅन'मधला नव्हे. आजकालची मुलं दोन्ही एकसारखेच म्हणतात, तेव्हा तोंडासमोर हात धरून हवेचा झोत तपासायला लावा. दोन मिनिटांत फरक कळतो.

टिचकीचे आवाज असलेलं एखादं खोसा गाणं पुढे कधी घेतलंत तर तेही अवघड नाही. रोमन 'सी' या अक्षराने लिहिलेला आवाज म्हणजे हळहळताना आपण जिभेचं टोक दातांमागून सोडवून 'च्च्' करतो तो. 'एक्स' हा जिभेच्या कडेने, घोड्याला हाकताना काढतात तो. 'क्यू' हा टाळूवरून जीभ खाली आपटून बाटलीचं बूच उघडल्यासारखा. हे तिन्ही आवाज आपण रोज काढतो, फक्त त्यांना शब्दात बसवत नाही. मुलांना आधी तीन-चार दिवस ते वेगवेगळे काढू द्या. पहिल्या दिवशी खिदळणं होणारच. होऊ द्या, पण एक वाक्य सांगा: 'हे आवाज गंमत म्हणून नाहीत, या आवाजांत कोणीतरी आपल्या आईला हाक मारतं.' 'खोसा' या नावाचं पहिलं अक्षरसुद्धा त्यातला एक आवाज आहे. आपण 'ख' लिहितो ते आपल्या लिपीत त्याला चिन्ह नाही म्हणून.

उच्चार हा नुसता तांत्रिक भाग नाही, याचं एक उदाहरण मुलांना फार भिडतं. झुलू गायक सॉलोमन लिंडा यांनी १९३९ मध्ये आपल्या साथीदारांबरोबर 'म्बुबे' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. म्बुबे म्हणजे सिंह. मागे कोरस म्हणतो 'उयिम्बुबे', तू सिंह आहेस. अमेरिकेत ते तबकडीवरून ऐकणाऱ्यांनी चुकीचं ऐकलं आणि त्याचं 'विमोवे' झालं. पुढे नव्या इंग्रजी शब्दांसह ते 'द लायन स्लीप्स टुनाइट' म्हणून जगभर गाजलं, चित्रपटांत आलं. मुलांना ते पाठ असतं. लिंडा १९६२ मध्ये गरिबीत वारले. त्यांच्या मुलींना न्यायासाठी कोर्टात जावं लागलं आणि तडजोड झाली ती २००६ मध्ये. एकाच गाण्यात शब्द हरवला आणि माणूसही हरवला. मी आधी चित्रपटातली चाल म्हणायला लावते, मग लिंडांचं मूळ ध्वनिमुद्रण ऐकवते, मग 'उयिम्बुबे' नीट म्हणायला लावते. त्यानंतर मुलं दुसऱ्या गाण्यांच्या कागदावर स्वतःहून विचारतात, 'हे कोणी केलं? नाव कुठे आहे?'

म्हणून कार्यक्रमपत्रिकेत 'आफ्रिकन लोकगीत' असं कधी लिहू नका. भाषा लिहा, लोकांचं नाव लिहा, रचनाकार माहीत असेल तर त्याचं नाव, मांडणी कोणाची, तुम्हाला शिकवलं कोणी, सगळं लिहा. जे खरोखर लोकगीत आहे त्याचाही काही माग असतो. 'हम होंगे कामयाब'ची चाल तुमच्या मुलांना येतच असेल. तिचं इंग्रजी मूळ 'वी शॅल ओव्हरकम' अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून आलं. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये १९४५-४६ च्या तंबाखू कामगारांच्या संपात काळ्या कामगार स्त्रिया ते म्हणत होत्या. तिथून ते टेनेसीतल्या हायलँडर या कामगार-शिक्षण केंद्रात पोचलं आणि १९६० नंतर नागरी हक्कांच्या चळवळीचं झालं. जुन्या रूपांत 'मी' होतं, पुढे 'आम्ही' झालं. मुलांना दोन्ही म्हणून बघू द्या, एकेकट्याने 'मी' आणि मग सगळ्यांनी 'आम्ही'. त्यावर भाषण नको.

आता एक गोष्ट जी शिक्षकांना पटायला जड जाते. काही गाणी आपण गायचीच नसतात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अनेक आदिवासी राष्ट्रांत विशिष्ट गाणं विशिष्ट घराण्याचं असतं. ते म्हणायचा हक्क वारशाने किंवा समारंभाने दिला जातो. तिथल्या सरकारने १८८५ ते १९५१ या काळात पॉटलॅच या त्यांच्या समारंभांवर कायद्याने बंदी घातली होती. निवासी शाळांत त्यांच्या मुलांना स्वतःची भाषा बोलायला मनाई होती आणि त्याच शाळांत त्यांच्याकडून मालकांच्या भाषेतली भजनं म्हणून घेतली जात. अशा इतिहासातून वाचलेलं गाणं इंटरनेटवर सापडलं म्हणून आपलं होत नाही. न्यूझीलंडमध्ये 'का माते' या प्रसिद्ध हाकासाठी (हाका म्हणजे माओरी लोकांचं घोषांसह केलेलं समूहनृत्य) २०१४ साली खास कायदा झाला, व्यावसायिक वापरात त्याचे रचनाकार ते राउपराहा आणि त्यांची जमात न्गाती तोआ यांचा उल्लेख व्हावा म्हणून. तुमच्या यादीतली दोन गाणी या प्रकारातली दिसतात. मुलांना त्यांची गोष्ट सांगा, त्या लोकांनी स्वतः प्रसिद्ध केलेली ध्वनिफीत ऐकवा आणि सांगा की हे आपण गाणार नाही आहोत. मी एका वर्षी कार्यक्रमात असं एक गाणं न गाता त्या जागी दोन मिनिटं बोलले होते. मुलांच्या त्या वर्षीच्या वह्यांत सर्वांत जास्त त्याबद्दल लिहिलेलं होतं.

वेशभूषेबद्दल दोनच ओळी. दुसऱ्या लोकांचे कपडे घालू नका, तोंडं रंगवू नका. साधे, एकसारखे, प्रत्येकाला परवडतील असे कपडे पुरे.

आवाजाबद्दल मात्र थोडं जास्त बोलायला हवं. बहुतेक कॉयर शिक्षकांना एकच आवाज 'चांगला' म्हणून शिकवलेला असतो, गोल, मऊ, मिसळून जाणारा. तो युरोपीय कॉयरचा आदर्श आहे, जगाचा नाही. बल्गेरियातल्या गावांतल्या बायका खुल्या, धारदार आवाजात गातात आणि लगतचे दोन सूर एकत्र घासवतात. आपल्याला जे बेसूर वाटेल ते त्यांना घंटेसारखं घुमणारं वाटतं. जॉर्जियातल्या तीन आवाजी गाण्यांत सुरांमधली अंतरं पियानोच्या पट्ट्यांत बसत नाहीत. अशी गाणी पियानोवर शिकवलीत तर ती सुरात येतील आणि मरतील. कानाने शिकवा. दोन गटांना लगतचे दोन सूर 'आ'कारात लावायला सांगा, एकमेकांकडे तोंड करून, आणि कंप जाणवेपर्यंत धरायला सांगा. पहिल्यांदा मुलं कान झाकतात, आठवड्याने तोच कंप शोधायला लागतात. 'घाण वाटतं'पासून 'अजून एकदा'पर्यंतचा तो प्रवास मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दुसऱ्याची आवड समजून घेणं म्हणजे शेवटी तेच. फक्त खुला आवाज म्हणजे ओरडा नव्हे. एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांना त्यात ओढू नका.

तिसरं गाणं तुमच्या मुलांमधून घ्या असं म्हटलं. माझ्या एका कॉयरमध्ये एक मुलगी होती, जिच्या घरची भाषा वर्गात दुसऱ्या कोणालाच येत नव्हती. ती कायम मागच्या रांगेत, ओठ जेमतेम हलवणारी. मी सगळ्यांनाच घरातून एक गाणं आणायला सांगितलं होतं. तिने आईच्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून आणलं, चारच ओळी, जात्यासारख्या घरघरत्या सुरात. ते शिकताना माझाच एक स्वर चुकत होता. ती मागून म्हणाली, "बाई, तसं नाही, खाली येऊन मग वर." सगळी खोली वळून बघायला लागली. मी तिला पुढे बोलावलं आणि तिच्याकडून ती ओळ पाच वेळा म्हणून घेतली, माझ्यासकट सगळ्यांनी तिच्यामागून म्हटली. पुढच्या तालमीपासून ती दुसऱ्या रांगेत उभी राहायला लागली, मी न सांगता.

पण यात धोकाही आहे. एखाद्या मुलाला तो अमुक समाजाचा म्हणून हुडकून 'तुमच्यातलं गाणं म्हण' असं कधीच सांगू नका. सगळ्यांना विचारा, आणि नाही म्हणायची मोकळीक ठेवा. कोणाचं घर हे कोणाच्या कार्यक्रमाचं साहित्य नाही. मुलाने आणलेल्या गाण्यासाठी घरच्यांना विचारा, कार्यक्रमपत्रिकेत नाव द्यायचं का तेही विचारा, आणि घरातलं कोणी शिकवायला आलं तर बाहेरच्या तज्ज्ञाला देता तितकंच मानधन त्यांनाही द्या.

पालकांच्या हरकतीचं बघू. जगातलं बरंचसं समूहगान देवाधर्माचं आहे, ते टाळून हे काम करता येणार नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच तिन्ही गाण्यांचे शब्द, अर्थ आणि ती का घेतली हे एका पानावर लिहून घरी पाठवा. गाणं म्हणजे प्रार्थना करायला लावणं नव्हे, हे स्पष्ट लिहा. तरीही एखाद्या घराला नकोच असेल तर वाद घालू नका. त्या मुलाला त्या गाण्यापुरतं दुसरं खरं काम द्या, जसं की निवेदन, आणि चारचौघांत त्याचं कारण विचारू नका. एका समाजाचा सन्मान शिकवताना दुसऱ्याला कोपऱ्यात उभं करून चालणार नाही. एकाच धर्माची तीन गाणी झाली नाहीत ना, एवढं आधीच तपासा.

एस्टोनियाचं उदाहरण लोक नेहमी देतात, तेही सांगते. तिथे पहिला गीतमहोत्सव १८६९ मध्ये तार्तूला झाला. सोव्हिएत सत्तेत या महोत्सवांतून सत्तेची स्तुतिगीतं गावी लागत, पण त्याच मंचावर लोक लिडिया कोइडुला यांच्या कवितेवरचं, गुस्ताव एर्नेसाक्स यांनी चाल दिलेलं 'मू इसामा' हे मायभूमीचं गाणंही म्हणत. १९८८ मध्ये ताल्लिनच्या गीतमहोत्सवाच्या मैदानावर प्रचंड जनसमुदाय गात उभा राहिला आणि १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. या कथेतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग असा की तेच मैदान, तेच कॉयर, आधी सत्तेची स्तुतीही गात होते. एकत्र गाण्यात ताकद आहे, पण ती कोणीही वापरू शकतो. म्हणून 'समूहगान माणसाला चांगलं बनवतं' असं मुलांना सांगू नका. कोणाच्या बाजूने गातो आहोत ते विचारायला शिकवा.

आणि शेवटी तुमची स्वतःची खोली. कॉयरमध्ये घेताना आवाजाची परीक्षा घेता का? घेत असाल तर कोणाला घेतलं नाही त्यांची नावं एकदा समोर मांडून बघा. पुढच्या रांगेत कायम कोण असतं? एकल ओळ दर वर्षी त्याच दोन मुलींना जाते का? व्हीलचेअरवरचं मूल पायऱ्यांच्या मंचावर कुठे उभं राहणार? 'मुली वरचा सूर, मुलगे खालचा' असं म्हणता की 'वरचा आवाज, खालचा आवाज'? आवाज नुसतं लिंग बघून ठरत नाही, वयाने आणि शरीराने बदलतो, आणि काही मुलांना त्या एका शब्दाने रोज टोचतं. ज्या मुलाला सूर सापडत नाही त्याला तुमच्या शेजारी उभं करा, त्याच्या बोलण्याच्या आवाजाजवळचा एक सूर द्या आणि तिथून अर्धा-अर्धा सूर वर न्या. सुराला बहिरी म्हणून हाकललेली कितीतरी मुलं या साध्या कामाने गायला लागलेली मी पाहिली आहेत. मोठेपणी माझ्या कॉयरला येणाऱ्यांपैकी कित्येक जण पहिल्याच दिवशी सांगतात की शाळेत त्यांना ओठ हलवायला सांगितलं होतं. चाळीस वर्षांनंतरही त्यांना तो वार, ती जागा, ती रांग आठवते.

सोमवारी तालीम असेल तर कागद वाटू नका. मुलांना गोलात उभं करा, स्वतः गोलातच उभ्या राहा, मध्ये नको. निवडलेल्या पहिल्या गाण्याची एकच ओळ म्हणा, तीनदा. ती कोणत्या भाषेतली आहे ते सांगू नका. 'हे गाणारा माणूस कुठे असेल, काय करत असेल?' एवढंच विचारा आणि सगळ्यांची उत्तरं ऐका, चुकीचीसुद्धा. कोणाचं गाणं ते मंगळवारी सांगा. कागद दुसऱ्या आठवड्यात.